शेवटच्या ग्लासातलं पाणी

४ फेब्रुवारी

भावजयबाई यांस,

पत्र पाहून दचकू नकोस. ताई बोलायला लागल्या की त्यांचं तोंड मध्ये येतं, असं तूच एकदा माझ्या पाठीमागे म्हणाली होतीस. पाठीमागचं मला नेहमी नीट ऐकू येतं. म्हणून या वेळी तोंड बाजूला ठेवून हाताने लिहितेय. हात कितपत सभ्य आहे ते बघू.

चार दिवस माहेरी राहून येते म्हणालीस आणि गेलीस. तुमच्या माहेरी दिवस फार मोठे असतात असं दिसतं.

तुझ्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या धाकट्याची, तब्येत चांगली आहे. कमरेखाली काही कळत नाही तेवढं सोडून. ते तू असतानाही कळत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल तुला दोष देता येत नाही. माकडहाडापाशी जरा लालसर झालंय. ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणतात की पडून पडून होतं तसं, कूस बदलत राहा. कामावर जाताना मी बदलते, आल्यावर बदलते. दुपारी समोरच्या मावशी येऊन बदलतात, त्यांचा स्वतःचा खांदा दुखत नसेल त्या दिवशी.

तो तुझी आठवण काढतो. रोज काढतो.

ये.

ताई


१९ फेब्रुवारी

भावजयबाई यांस,

उत्तर आलं नाही. टपाल खात्यावर मी नाराज आहे. तुझ्यावर नाराज व्हायला आधी तुझं काही हाती यायला हवं.

अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला. तुला आमच्या कामातलं काही कळत नाही असं मी पुष्कळदा म्हटलंय. समजावून मात्र कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण ज्याने तुझा नवरा आडवा झाला ते काय होतं हे तुला ठाऊक असावं.

तेलाची विहीर म्हटलं की लोकांना वाटतं खालून नुसतं तेल येतं. आमच्यासारख्या म्हाताऱ्या विहिरींतून येतं ते मुख्यतः पाणी. तेल आपलं पाहुण्यासारखं. वर तरंगणारं तेल आधीच काढून घेतात. उरतं ते गरम, खारट, तपकिरी पाणी. त्यात तेलाचे इतके बारीक थेंब असतात की ते ना वर येत, ना खाली बसत. सगळ्यांवर एकाच प्रकारचा विद्युतभार, म्हणून जो तो दुसऱ्याला लांब ढकलतो. आपल्या जेवणाच्या टेबलासारखं, असं तू म्हणाली असतीस. मग आम्ही त्यात आधी एक औषध घालतो, त्याने त्यांचं वैर उतरतं. आणि नंतर पॉलिमर घालतो. त्याचे लांबच लांब धागे असतात, ते थेंबांना धरून धरून पुंजके करतात. खालून हवेचे बुडबुडे सोडले की पुंजके फेस होऊन वर येतात. फेस काढायचा, खालचं निवळलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. जिथून आणलं तिथेच नेऊन टाकायचं, मधल्या मध्ये आमचे पगार. कोणतं औषध किती घालायचं हे प्रयोगशाळेत मी ठरवायचे, आणि टाकीवर चढून ते घालायचा आणि ढवळायचा धाकटा. म्हणून तर प्लँटवर त्याला ढवळ्या म्हणत.

पॉलिमर येतं पांढऱ्या पावडरीत. दिसायला साखर. कोरडं असेपर्यंत गरीब. पाणी लागलं की असं बुळबुळीत होतं की साबण त्यापुढे खरखरीत. सांडलं तर कोरड्या झाडूने गोळा करायचं, पाणी लावायचं नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. आणि मोठे पाहुणे यायचे असले की सगळं धुऊन चकचकीत करायचं, हे सांगावंही लागत नाही. ते रक्तातच असतं.

त्या दिवशी सकाळी टाकीवरच्या लोखंडी माच्यावर गोणी फाटली. दुपारी पाहुणे. एक जण झाडू घेऊन बसला होता, त्याला साहेब म्हणाले, "झाडतोयस काय, पाइप लाव." लावला. माचा इतका चमकला की साहेबांनी त्यात बघून भांग पाडला असता, केस असते तर. दुपारच्या पाळीला धाकटा आला. त्याला कोणी काही बोललं नाही. तो वर चढला, पाय सटकला, वरून खाली पाठीवर पडला, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

आता अहवाल ऐक. "अपघातसमयी जागा स्वच्छ व नुकतीच धुतलेली होती; सबब व्यवस्थापनाची हयगय आढळत नाही. कामगाराने पाऊल टाकताना पुरेशी दक्षता घेतली नाही." पाऊल टाकताना घ्यायची दक्षता आता त्याला घ्यावी लागणार नाही, म्हणजे समितीची ती एकमेव सूचना आपोआप अमलात आलीच.

साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, धुवायला कोणी सांगितलं ते यात नाही."

"बाई, स्वच्छता हा काय गुन्हा आहे?"

"नाही ना. म्हणून तर तुम्ही सुटलात."

"तुमची जीभ फार चालते."

"घरात एकाचे पाय थांबलेत, साहेब. काहीतरी चालायला नको?"

तेव्हापासून माझ्याकडे बघताना ते जमिनीकडे बघतात. जमीन कोरडी असते.

ताई


८ मार्च

भावजयबाई,

"यांस" काढून टाकलं. उत्तर न देणाऱ्या माणसाला किती मान द्यायचा?

एक गंमत सांगते. धाकटा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून होता. मी काही विचारलं की "हं." सिस्टरनी विचारलं की "हं." भिंतीने काही विचारलं असतं तर कदाचित नीट बोलला असता. मग परवा मध्येच म्हणतो, "ताई, तू तिकडे प्रयोगशाळेत काय करायचीस गं? चिठ्ठी यायची, इतकं घाल, तितकं घाल. मी घालायचो. कधी बघितलं नाही."

इतकी वर्षं एका कुंपणात काम केलं आम्ही, आणि त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत चिखलाच्या बुटांना मनाई. नियम माझाच.

म्हणून प्रयोगशाळा घरी आणली. ते पाणी गरमच लागतं. गार झालं की तेल आपणहून थोडं वर येतं आणि औषध आहे त्याहून गुणी वाटतं. विकायला येणारे लोक मुद्दाम गार पाणी वापरतात. तेव्हा घरचा चहाचा थर्मास भरून आणला. त्यात आता चहा पिता येणार नाही, आधीच सांगून ठेवते, नाहीतर येशील आणि नाक मुरडशील.

पलंगाशेजारी स्टूल, त्यावर सहा काचेचे ग्लास. सगळ्यांत तेच तपकिरी पाणी. पहिल्यात काही नाही, तो तुलनेला. दुसऱ्यापासून वैर उतरवणारं औषध आणि पॉलिमर, दोन्ही वाढवत नेलं. चमच्याने आधी भराभर ढवळायचं, मग अगदी हळू. हळू ढवळायचं काम त्याच्याकडे दिलं. झोपल्या झोपल्या, एका हाताने, काय सुरेख ढवळतो! धक्का नाही, लाट नाही. म्हणाला, "जोरात फिरवलं की तुटतात ते, आणि मग परत नाही जमत. मोटरच्या आवाजावरून कळायचं मला."

तिसऱ्या ग्लासात पुंजके धरले. चौथ्यात तर कापसासारखे वर आले, आणि खाली पाणी असं की पलीकडची भिंत दिसावी. तो बघत राहिला. "हे मी करायचो?" म्हणाला.

सहाव्यात सगळ्यात जास्त घातलं होतं. तो गढूळच. वर बुळबुळीत.

"हा का असा?"

"जास्त झालं. वैर उतरवायला घातलं, ते इतकं झालं की नव्याने वैर आलं. थेंब पुन्हा एकमेकांना ढकलायला लागले."

"आणि साहेब तर म्हणायचे, पाणी निवळत नाही ना, मग घाला अजून."

"ते म्हणायचे, आणि तू घालायचास."

हसला. मोठ्याने. तू असतीस तर ऐकलं असतंस. बिछाना हलला, आणि मग त्याने चमचा स्टुलावर ठेवून दिला. दुखलं म्हणून नव्हे, तिथे त्याला दुखत नाही.

लालसर होतं ते आता लालसर नाही. नाण्याएवढं उघडलंय. छोटं नाणं.

ताई


२ एप्रिल

अगं,

नाणं मोठं झालं.

दवाखान्यात नेऊन एकदा साफ करून आणलं. सलाइनमधून औषधं झाली, बदलून दुसरी झाली. डॉक्टर तरुण आहेत, त्यामुळे अजून खरं बोलतात. म्हणाले, "आत हाडापर्यंत चाललंय. कुजलेलं सगळं काढून मांडीचं मांस वर फिरवून झाकायला हवं. आत्ता केलं तर आशा आहे. रेंगाळलो तर विष रक्तात जाईल."

धाकटा म्हणाला, "नको."

डॉक्टर म्हणाले, "भूल द्यायची गरजही फारशी नाही, तुम्हाला तिथे कळणार नाही."

"तेच तर. मला कळत नाही त्याचं तुम्ही काय काय करत बसणार?"

मी समजावलं. रागावले. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा मला म्हणाला, "बाई, हळू, मी पण आजारी आहे." रडलेही थोडी, पण मला ते जमत नाही, तो म्हणाला, "ताई, शिंक अडकलीय का?"

तेव्हा आता टोमणे बाजूला. तो माझं ऐकत नाही, कारण लहानपणापासून मी सांगेन त्याच्या उलट करायची त्याला सवय आहे. तुझं ऐकेल. लग्नानंतर मिशी काढली ती तुझ्या एका शब्दावर. आम्ही घरातले सगळे वर्षानुवर्षं त्या मिशीच्या मागे होतो. तू येऊन एवढंच सांग, की करून घे. मग हवं तर त्याच बसने परत जा. मी अडवणार नाही, कुठे निघालीस म्हणून विचारणारही नाही.

ये गं. हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

ताई


११ एप्रिल

प्लँटवर समारंभ झाला. वर्षभरात अपघात नाही म्हणून आमच्या केंद्राला ढाल मिळाली. कामगाराच्या चुकीने झालेला अपघात केंद्राच्या नावावर धरत नाहीत म्हणे. साहेबांनी भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते आणि माझे हात मोकळे होते.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं. म्हणाला, "ढालीवर माझं नाव घालायला हवं होतं. मी नसतो तर अपघात झालाच नाही हे दाखवायला त्यांना एवढा अभ्यास करायला लागला नसता."

ताप आहे. उतरतो, पुन्हा चढतो.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. मी ही पत्रं लिहिते हे त्याला माहीत नाही. आणि तो तुझी रोज आठवण काढतो असं लिहिलं, तेही तसं नाही. त्याने एकदाच तुझं नाव काढलं. म्हणाला, "तिला बोलावू नकोस." मी म्हटलं, "मला काय गरज पडलीय?"

ये.


२० एप्रिल

तू आलीस.

तू अजून इथेच आहेस, तेव्हा खोलीतही होतीस, तरी लिहून काढतेय. तेव्हा मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते, आणि ट्रे धरलेल्या बाईला नीट काही कळत नाही.

तू त्याच्या उशाशी बसलीस. मला वाटलं, आता हा तोंड फिरवणार. नाही फिरवलं. म्हणाला, "प्रवास कसा झाला?" जणू तू भाजी आणायला गेली होतीस.

तू म्हणालीस, "ऑपरेशन करून घ्या."

"घरी सगळे बरे?"

"अहो, मी काय सांगतेय?"

"ऐकतोय ना. आवाज बसलाय तुझा. गरम पाणी घे."

"माझ्यासाठी करून घ्या."

तेव्हा तो म्हणाला, "तुझ्यासाठी एक केलं की मी. तुला जा म्हटलं. ते तू ताईला सांगितलं नाहीस?" आणि माझ्याकडे बघून, "मीच घालवलं तिला, ताई. ती जायच्या आदल्या रात्री मी तिच्या दिशेने ताट फेकलं होतं ना, ते भांडण नव्हतं. नेम धरून चुकवलं होतं. तरी जाईना, मग आणखी वाईट बोललो."

तू खाली बघत होतीस. इतकी पत्रं वाचलीस माझी, त्यातला एकही टोमणा परत पाठवला नाहीस. एका ओळीत मला गप्प करता आलं असतं. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच टपालाने केलं असतं.

मग तो मला म्हणाला, "ताई, तो सहावा ग्लास. जास्त घालून गढूळ झाला होता तो. त्यात आणखी काय घातलं की निवळतं?"

शिकलेली मी, रसायनशास्त्र पोटापाण्याला लावलेलं. इतकं सोपं उत्तर कधी जड गेलं नव्हतं. म्हटलं, "घालून नाही निवळत."

"मग ओततेस कुठे?"

"माणूस म्हणजे पाणी नव्हे, धाकट्या."

"पाण्याला कापत नाहीत, खरंय."

तू उठलीस आणि त्याला न विचारता कामाला लागलीस. गरम पाण्याने अंग पुसलंस, चादर बदललीस, कुशीला उशी लावलीस ती माझ्यापेक्षा चांगली. जखम पाहिलीस तेव्हाही तुझा हात थांबला नाही. मी ते बघितलं. त्यानेही भिंतीवरच्या आरशात बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलंस, तिसऱ्या दिवशीही. रागावून, हात जोडून, आणि एकदा त्याच्या कानाशी काहीतरी, जे मी ऐकलं नाही. तो हसला, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "नको."


२७ एप्रिल

प्रिय,

हे असं मी पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा दुर्लक्ष कर.

काल तुला बसमध्ये बसवून घरी आले तर तो झोपला होता. ताप पुन्हा चढला. रात्रभर बडबडला, सगळी प्लँटची भाषा: हळू फिरव, तुटेल, हळू. आज डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, आता त्याने हो म्हटलं तरी मी करणार नाही, टेबलावरच जाईल. म्हणजे आता त्याच्या "नको"लाही काही अर्थ उरला नाही. ते त्याला सांगितलं नाही. तेवढं तरी त्याच्या मनासारखं चाललंय असं त्याला वाटू दे.

मी कामावर जाते. घरी बसले तर त्याच्याकडे बघत बसते, आणि त्याला ते आवडत नाही. परवा बाहेर जाणारं पाणी तपासलं. उत्तम होतं. आमच्याकडे सध्या पाणी फार उत्तम येतंय. साहेबांनी पाठ थोपटली. मीही थोपटू दिली.

तुला खरं सांगू? इतके महिने माझ्याकडे एक वाक्य होतं: ती आली असती तर. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, त्याची कूस बदलताना मी ते मनात म्हणायचे. फार उपयोगी वाक्य. त्यावर उभी राहून मी सगळं केलं. आता तू आलीस. जे जे करायचं ते सगळं केलंस, माझ्याहून नीट केलंस. आणि काही झालं नाही. तुझी काही चूक काढता येते का म्हणून मी खूप शोधलं. एक उशी उलटी लावली होतीस, बस.

आता रागवायला साहेब आहेत, पण ते फार स्वस्तात मिळतात.

पुन्हा ये असं लिहीत नाही. तुझी नोकरी, तुझे आईवडील, आणि तिथे निदान खिडकी उघडली की वास येत नाही. त्यालाही तू तिथेच हवी आहेस. आज दुपारी शुद्धीवर होता तेव्हा एवढंच विचारलं, "पोचली का?" मी म्हटलं, "पोचली." तुझ्याकडून काही कळलं नव्हतं, पण म्हटलं.

एक फोन करायचा राहिलाय. सिस्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मी नावं आठवून पाहिली, त्या वेळी कोणाला करायचा. साहेबांना ऑफिसकडून कळेल. मावशी समोरच राहतात. मग तूच उरतेस.

तेव्हा तो फोन आला की उचल. बोलायचं काही नसेल, मलाही नसेल. नुसती धरून राहा थोडा वेळ.

ताई